पॉलिमरमधली पीएचडी फक्त केमिस्ट्रीवाल्यांची? छे!

‘एमएस्सी केमिस्ट्री नसेल तर पॉलिमरमध्ये पीएचडी विसरा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थांमधल्या रेणूंच्या, लांबलचक साखळ्या कशा वागतात हे उलगडून १९९१ चं नोबेल मिळवणारे फ्रान्सचे पिएर-जिल द जेन भौतिकशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉलिमरच्या प्रवाहावर संशोधन करणारे रघुनाथ माशेलकर केमिकल इंजिनिअर. कारण साधं आहे: रेणू बनवायला केमिस्ट लागतो, पण पॉलिमर वितळल्यावर साच्यात कसा वाहील किंवा शरीरात औषध कसं सोडेल, हे एकट्या केमिस्टला झेपत नाही. एनसीएलमधल्या संशोधकांना ‘ॲक्सिर’ (AcSIR) या विज्ञान-संशोधनाच्या अकादमीची पीएचडी विज्ञानात मिळते, तशी अभियांत्रिकीतही. एमटेक-पीएचडी प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेच्या इंजिनिअरिंग सायन्सेस पेपरात तर पॉलिमरचा वेगळा विभागच आहे. पात्रता मात्र प्रत्येक जाहिरातीत वाचा. काही जागा खरोखरच केमिस्ट्रीपुरत्या असतात.