वारस दाखला

मृत व्यक्तीच्या पश्चात तिची मालमत्ता आणि येणी ताब्यात घेऊन व्यवहार करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दाखवणारा दस्तऐवज. महाराष्ट्रात बोलताना या एकाच नावाखाली चार निरनिराळे कागद येतात आणि लोकांचे बहुतेक हेलपाटे त्या घोळातून होतात. तलाठ्याकडची वारस नोंद, तहसीलदारांचा दाखला, दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र आणि त्याच न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, असे हे चार. बँकेत 'वारस दाखला आणा' एवढेच सांगितले, तर यातला कोणता, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावे.

वारसा प्रमाणपत्र आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली, म्हणजे कंपनी सरकारच्या कायद्याने मिळते. त्या कायद्यानुसार वारसाने कारभार हाती घ्यायला दाखला सक्तीचा नाही. रीतसर मान्यता हवी असेल त्याने अर्ज करावा. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढून महिनाभरात हरकती मागवते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशा नोटिसा दिसतात, त्यांतल्या काही याच असतात. कलम 7 मध्ये मात्र स्पष्ट म्हटले आहे, की या दाखल्याने मालकी मिळत नाही; कायदेशीर वहिवाट तूर्त कोणाकडे आहे, इतकेच कळते. दाखला थोरल्या भावाच्या नावाने निघाला म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. ती वाटपाचा दावा लावू शकते.

उत्तराधिकार प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 370 ते 390 खाली दिले जाते. ते बँकेतील ठेवी, शेअर, उसनवारीची येणी अशा कर्जे-रोख्यांपुरते असते. घर किंवा जमीन त्यात येत नाही. अर्जाच्या परिशिष्टात प्रत्येक ठेव वेगळी मांडावी लागते. सुटलेल्या पावतीसाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. प्रमाणपत्र पाहून पैसे देणाऱ्या बँकेला कलम 381 चे संरक्षण असते, म्हणून ती ते मागते. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. शेअरच्या बाबतीतही तो मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले.

वारसांच्या यादीत हमखास राहून जाते ती मृताची आई. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची आई पहिल्या वर्गातील वारस आहे, वडील नाहीत. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असतील, तर त्याच्या मालमत्तेत चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा. 'आता म्हातारीला कशाला कोर्टात न्यायचे' म्हणून तिचे नाव गाळले, तर पुढे हरकत येते आणि प्रमाणपत्र रद्दही होऊ शकते.

शेतजमिनीचा रस्ता वेगळा. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे, गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, वारस नोंदवायचे, फेरफार धरून हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. तरी आजोबांच्या नावाचे सातबारे गावोगाव राहिलेच. त्यासाठी शासनाने 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली.

गोव्यात यातले फारसे लागू पडत नाही. तिथे 2012 च्या स्वतंत्र उत्तराधिकार कायद्यानुसार विशेष नोटरीपुढे वारस घोषित करणारा दस्त होतो, आणि वाटप न्यायालयातील इन्व्हेंटरी प्रक्रियेत, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असेल, तर हयात जोडीदाराचा अर्धा भाग आधी बाजूला काढतात आणि उरलेल्या अर्ध्याचा वारसा ठरतो.