फ्रेंचमध्ये ‘लिफ्ट आहे का?’ आणि ‘व्हीलचेअर जाते का?’ हे एक नाही बरं का

पॅरिसला निघायच्या आधी मी एकच वाक्य घोटून पाठ केलं होतं, ‘एस् किल या अँ नासाँसर?’ म्हणजे लिफ्ट आहे का. आत्या व्हीलचेअरवर, फिरायचं मेट्रोने, लिफ्ट मिळाली की झालं, एवढीच माझी धाव. एका स्टेशनवर (नाव राहू दे) विचारलं तर खिडकीतल्या बाई ‘वी वी’ म्हणाल्या, बोटाने दाखवली पण, आम्ही खुशीत खाली गेलो, दार उघडलं आणि समोर सात पायऱ्या. बाई खोटं नव्हत्या बोलल्या, मीच तेवढंच विचारलं होतं.

आसाँसर म्हणजे फक्त लिफ्ट. ती पुढे कुठे नेऊन सोडते हे त्या शब्दात नाहीच. आपल्याला विचारायचं असतं ‘से आक्सेसीब्ल आँ फोतय रुलाँ?’, फोतय रुलाँ म्हणजे चाकाची खुर्ची, मग समोरच्याला दारापासून गाडीपर्यंतच्या सगळ्या वाटेचा विचार करावा लागतो. खात्री हवी तर वर ‘ज्यूस्को के?’ जोडा, प्लॅटफॉर्मपर्यंत ना? मोंमार्त्रचं आबेस स्टेशनच घ्या, साधारण 36 मीटर खोल, लिफ्ट आहेत, तरी व्हीलचेअरला उपयोग नाही कारण मध्ये पायऱ्या आहेतच. पहिली मेट्रो 1900 ची, तेव्हा कोण विचार करणार होतं म्हणा. उलट 1998 ला सुरू झालेली 14 नंबरची लाईन, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणि हो, ‘मार्श’ शब्दाने माझा जाम घोळ केला. ‘इल या दे मार्श?’ म्हणजे पायऱ्या आहेत का, आणि ‘लासाँसर मार्श?’ म्हणजे लिफ्ट चालू आहे का, उच्चार अगदी सेम! दोन्ही विचारायचेच, कारण ‘आँ पान’ (बंद) ही पाटी कधीही दिसू शकते.

पाटीवर ‘पे एम एर’ (PMR, म्हणजे चालाफिरायला त्रास होणारी माणसं) असेल तर लगेच हुरळू नका, त्यात काठीवाले आजोबा, गरोदर बाई, बाबागाडी सगळे येतात. खास व्हीलचेअरवाल्यांसाठी ‘यू एफ एर’ (UFR) म्हणतात.

आम्ही शेवटी बसच धरली. मधल्या दाराजवळ बाहेरून व्हीलचेअरचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबलं की दाराखालून फळीसारखा रॅम्प सरकत फूटपाथवर येतो. नाहीच आला तर ड्रायव्हरला ‘बोंजूर, ला राँप, सिल वू प्ले’ म्हणजे नमस्कार, रॅम्प, प्लीज, बोंजूर विसरायचं नाही, तिथे त्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. तिसऱ्या दिवसापासून मी बटणापर्यंत पोचायच्या आधीच आत्या ‘राँऽऽप!’ म्हणून हाक मारायला लागली, बोंजूर आणि सिल वू प्ले मागून मी धापा टाकत जोडायचे.