रानातील तात्पुरता निवारा

तंबू, स्लीपिंग बॅग किंवा पुरेशी हत्यारे जवळ नसताना रानात रात्र काढण्यासाठी फांद्या, पाने, गवत किंवा बर्फ वापरून केलेला आडोसा. वाट चुकलेल्या किंवा जखमी माणसाला बहुधा अन्नपाण्याआधी याचीच गरज लागते. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून साधारण तीन दिवस; पण भिजल्या अंगाने वाऱ्यात बसून राहिला, तर काही तासांतच जिवावर बेतू शकते. शरीराचे आतले तापमान ३७° से.वरून ३५° से.च्या खाली गेले की हुडहुडी, बोबडी वळणे, बोटांची पकड सुटणे आणि पुढे विचार मंदावणे असे होत जाते. यासाठी बर्फच पडायला हवे असे नाही; पाऊस आणि वारा एकत्र आले तर १०° से.लाही हे घडते.

निवारा स्वतः ऊब देत नाही. चूल म्हणजे माणसाचे शरीर. निवारा फक्त तिची ऊब अडवून धरतो. म्हणून तो जितका लहान तितका चांगला. ऐसपैस झोपडी उभारण्यात दिवस घालवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मोठ्या जागेतली हवा एका देहाने तापत नाही, आणि ती उभारताना आलेला घाम रात्री गारठा वाढवतो. काम करताना अंगावरचा एखादा कपडा काढून कोरडा ठेवावा तो याचसाठी.

पालापाचोळ्याची खोप हा हत्याराशिवाय जमणारा सर्वांत भरवशाचा प्रकार. आपल्या उंचीपेक्षा हात-दीड हात लांब आणि अंगाचा भार पेलणारी काठी आढे म्हणून घ्यावी. तिचे एक टोक कमरेइतक्या उंचीवर झाडाच्या बेचक्यात किंवा खडकावर टेकवावे, दुसरे जमिनीवर ठेवावे. दोन्ही बाजूंनी वाशांसारख्या काठ्या तिरक्या लावून त्यांवर डहाळ्या आडव्या पसराव्यात आणि वरून पाचोळा रचावा. उतार जितका खडा, तितके पाणी लवकर निथळते. पाचोळ्याचा थर किमान ६० ते ९० सेंमी. हवा. पानांच्या फटींत अडकलेली हवा हेच इथले पांघरूण असल्याने थर पातळ राहिला, तर सारी मेहनत फुकट जाते. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून शेवटी पुन्हा काही फांद्या टाकतात. दाराशी पाने भरलेली पिशवी ओढून घेता येते. एकट्याला हे काम काही तासांचे आहे, तेव्हा ऊन असतानाच सुरुवात करावी. अशा खोपीत किंवा तिला लागून विस्तव मात्र पेटवू नये. पाचोळा क्षणात भडकतो.

छपरापेक्षा अंथरुणाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण गार जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढत राहते. कोरडी पाने, गवत किंवा सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या इतक्या अंथराव्यात की अंगाखाली दबल्यावरही वीतभर थर उरेल. उरलेली पाने कपड्यांच्या आत कोंबावीत. ही युक्ती फार जुनी आहे: आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या बर्फात टिकून राहिलेल्या मृत माणसाच्या पादत्राणांतही उबेसाठी गवत भरलेले होते.

जागा निवडताना आधी वर पाहावे. वाळलेली फांदी रात्री कोसळू शकते. कोरडा ओढा, दरडीचा पायथा आणि श्वापदांची वाट टाळावी. दरीच्या तळाशी थंड हवा साचते आणि माथ्यावर वारा झोडपतो, म्हणून मधला उतार बरा.

बर्फाळ प्रदेशात बर्फाच्या ढिगातच पोकळी कोरतात. झोपायची जागा दारापेक्षा उंच ठेवली की थंड हवा खाली उतरते. श्वासासाठी छपराला भोक हवेच. बर्फ पडत असेल तर ते पुन्हा पुन्हा मोकळे करावे लागते. वाळवंटात गरज उलटी, सावलीची असते. तिथे कापडाचे दोन थर मध्ये वीतभर पोकळी ठेवून ताणल्यास एकेरी कापडापेक्षा खाली बराच गारवा राहतो.

जवळ थोडेच सामान बाळगायचे तर प्लॅस्टिकची मोठी पिशवी, दोरी आणि चाकू एवढ्यानेही फार फरक पडतो. पानांनी झाकलेली खोप काही पावलांवरूनही ओळखू येत नाही, म्हणून आत शिरण्यापूर्वी शोधपथकाला दिसेल असे एखादे भडक रंगाचे कापड बाहेर उघड्यावर बांधून ठेवावे.