हाताने काढल्यासारखं वास्तुचित्र: आम्ही ते कसं करतो, तुम्ही काय पाठवायचं

"चित्र द्या, पण ते कॉम्प्युटरवर केल्यासारखं दिसायला नको," असं बरेच ग्राहक सांगतात. आम्ही ही चित्रं कॉम्प्युटरवरच करतो. रेष मात्र हाताने ओढतो आणि रंगही हातानेच भरतो. काम सोपवण्याआधी आमची पद्धत तुम्हाला कळावी म्हणून हे पत्रक.

आधी तुम्हाला असं चित्र खरंच हवं आहे का, ते पाहा. डिझाइन अजून ठरायचं असेल, तर हातच्या चित्राइतकं उपयोगी दुसरं काही नाही. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने मॉडेलवरून बनवलेलं फोटोसारखं चित्र, समोर ठेवला की लोकांना सगळं पक्कं झाल्यासारखं वाटतं आणि चर्चा टाइल्सच्या रंगावर जाऊन अडकते. सैल रेषेचं चित्र पाहताना ओटा कुठे असावा, उजेड कुठून यावा, असल्या मूळ गोष्टींवर बोलणं होतं. याउलट काचेतलं प्रतिबिंब किंवा दगडाचा नेमका पोत दाखवायचा असेल तर रेंडरच करून घ्या. तसं आम्ही स्वतःहून सुचवू.

तयार रेंडरवर फिल्टर टाकून स्केच बनवून द्या, अशीही मागणी येते. ते आम्ही करत नाही. काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे फिल्टरला कळत नाही. खांबाची कड आणि मागच्या झुडपाचं पान तो एकाच जोराने गिरवतो. हाताची रेष सुरुवातीला ठाम असते, मध्ये हलकी होते आणि टोकाशी पुन्हा दाबली जाते. कोपऱ्यावर दोन रेषा एकमेकींना किंचित ओलांडून जातात. दूरची खिडकी दोन फटकाऱ्यांत आटोपते. नजर दारापाशी यावी म्हणून दारापाशीच बारकावे भरायचे आणि कडेला कागद कोरा सोडायचा, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

पायासाठी आम्ही स्केचअप या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं साधं मॉडेल उभं करतो. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवतो. दृश्याचा कोन फार रुंद घेतला तर कडेच्या भिंती ताणल्यासारख्या दिसतात, म्हणून तो बेताचा ठेवतो. हे मॉडेल फिकट करून खाली ठेवायचं आणि वर पेन टॅब्लेटवर रेषा काढायच्या. टॅब्लेटला पेनाचा दाब कळतो, त्यामुळे रेष जाड-बारीक होते. मॉडेल नसेल तर चित्रकलेच्या अ‍ॅप्सची मदत घेतो: प्रोक्रिएटमधली पर्स्पेक्टिव्हची (जवळचं मोठं, दूरचं लहान दाखवणारी) मार्गदर्शक जाळी किंवा क्रिटामधले तसेच रेषेचे सहायक. क्रिटा मोफत आहे. कोणाला स्वतः हात चालवून पाहायचा असेल तर आम्ही तेच सुचवतो. ओले, पसरणारे जलरंग हवे असतील तेव्हा रेबेल हे सॉफ्टवेअर, आणि शेवटची जुळवाजुळव फोटोशॉपमध्ये.

खरी मेहनत रंगात आहे. कागदावरचा जलरंग वाळताना पाण्याबरोबर रंगाचे कण कडेकडे वाहत जातात, म्हणून वॉशची (पातळ रंगाच्या थराची) कड आतल्या भागापेक्षा गडद दिसते. फोटोशॉपच्या ब्रशमध्ये 'वेट एजेस' (ओल्या कडा) हा पर्याय याचसाठी आहे. पण तो सगळीकडे लावला की चित्र पुन्हा यांत्रिक दिसतं, म्हणून काही कडा आम्ही मुद्दाम विरघळवतो. छज्ज्याखालची सावली बघा. ती आम्ही वेगळ्या लेयरवर (चित्रावरच्या पारदर्शक थरावर) 'मल्टिप्लाय' मोडमध्ये टाकतो, म्हणजे खालचा विटांचा रंग तिच्यातून दिसत राहतो. रंग काळा घेत नाही, निळसर जांभळा घेतो. छज्ज्याला लागून कड धारदार आणि गडद. खाली येताना सावली उजळते आणि तिच्यात थोडा गेरूचा रंग मिसळतो, कारण उन्हातल्या जमिनीचा उजेड भिंतीवर परत येतो. एवढ्या एका पट्टीने भिंत सपाट राहत नाही. शेवटी संपूर्ण चित्रावर कागदाचा एकच पोत देतो. प्रत्येक ब्रशचा दाणा वेगळा असला की डोळ्याला लगेच खटकतं.

झाडं आणि माणसं तयार शिक्क्यांनी उमटवत नाही. तेच पान तीनदा दिसलं की हाताचा भास संपला. अमेरिकन वास्तुविशारद मॅरियन माहोनी १८९५ पासून प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे काम करत होत्या. त्यांच्या चित्रांत झाडोरा इमारतीच्या बरोबरीने रचलेला असतो. त्यांची चित्रं आम्ही आजही समोर ठेवून पाहतो.

तुमच्याकडून प्लॅन, चारही एलेव्हेशन (बाजूंची समोरून दिसणारी रेखाचित्रं) आणि मजल्यांच्या उंची हव्यात. डीडब्ल्यूजी (आर्किटेक्टच्या ड्रॉइंगची फाइल) किंवा पीडीएफ दोन्ही चालेल. उत्तर दिशा जरूर कळवा, नाहीतर ऊन चुकीच्या भिंतीवर पडेल. जागेचे फोटो पाठवताना समोरचा रस्ता आणि शेजारच्या इमारतीही येऊ द्या.

छपाईचा आकार सुरुवातीलाच सांगा. ए३ आकाराला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, ए१ ला त्याच्या दुप्पट लांबी आणि दुप्पट रुंदी. ए३ साठी काढलेली बारीक रेष ए१ वर ताणली की जाड आणि धूसर होते. छपाईत झगझगीत हिरवा आणि निळा मंदावतो, म्हणून मोठ्या प्रती काढण्याआधी एक नमुना छापून पाहा.

बदलांचं म्हणाल तर सावलीची दिशा, आकाश, झाडं, भिंतीचा रंग वेगवेगळ्या लेयरवर असल्याने सहज बदलतात. खिडकी सरकवायची तर तेवढा भाग पुन्हा काढावा लागतो. पाहण्याचा कोन बदलला तर चित्र पहिल्या रेषेपासून नव्याने काढावं लागतं. म्हणून रंग भरण्याआधी आम्ही फक्त रेषांचं चित्र पाठवतो. ते घाईत मंजूर करू नका. घरच्यांना दाखवा, आर्किटेक्टना दाखवा, मगच होकार द्या.

पूर्ण झालेलं चित्र छपाईसाठी टिफ आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी जेपीजी अशा दोन्ही रूपांत मिळेल. लेयर असलेली मूळ फाइल हवी असल्यास काम सुरू होतानाच कळवा, म्हणजे लेयरना समजतील अशी नावं देऊन ती नीट लावून ठेवता येईल.