खाण सुरक्षा सल्लागार समित्या (भारत)

खाणीत काम करणाऱ्यांचा जीव आणि तब्येत सांभाळायची तर नियम काय असावेत, अपघात का झाला, पुढे काय बदलायचं, याबद्दल सरकारला किंवा खाणीच्या मॅनेजमेंटला सल्ला देणारी समिती म्हणजे खाण सुरक्षा सल्लागार समिती. तिच्यात बहुतेक वेळा सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे लोक बसतात म्हणून तिला त्रिपक्षीय म्हणायची पद्धत आहे. भारतात अशी एकच समिती नाही, खदानीच्या तोंडापासून दिल्लीपर्यंत एकावर एक थर आहेत, कुठला कायद्यातून आलेला, कुठला नुसत्या सरकारी ठरावातून, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. समजून घ्यायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक थराशी थांबून बघायचं की अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसलंय आणि समितीने सांगितलेलं ऐकलं नाही तर कोणाला जाब द्यावा लागतो. बाकी सगळं त्यावरून कळतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. खाणीतल्या कामगारांची सुरक्षा हा राज्याचा विषय नाही, राज्यघटनेच्या संघसूचीत ५५ व्या नोंदीत तो केंद्राकडे दिलाय. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचा कारखाना असेल तर कारखान्याच्या आतली सुरक्षा महाराष्ट्र सरकारचं औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय बघतं, पण त्याच कंपनीची शेजारची चुनखडीची खाण मात्र केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे सगळे ज्याला डीजीएमएस म्हणतात त्याच्याकडे. गोव्यातली लोहखनिजाची खाण, भंडाऱ्यातली मॅंगनीजची, वणी-माजरीकडची कोळशाची, सगळ्यांचा इन्स्पेक्टर एकच. हे खातं ७ जानेवारी १९०२ ला कलकत्त्यात सुरू झालं, १९०८ ला धनबादला गेलं आणि अजून तिथेच आहे, नागपुरात त्याचं झोनचं ऑफिस आहे. आणि ते कोळसा मंत्रालयाखाली नाही तर कामगार मंत्रालयाखाली येतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कायद्याने जन्माला आलेली मुख्य समिती म्हणजे खाण कायदा १९५२ च्या कलम १२ ची समिती. २१ नोव्हेंबर २०२५ ला हा कायदा नव्या संहितेत गेला (ते शेवटी येईल), तोवरची व्यवस्था अशी होती. आधी त्या जागी मायनिंग बोर्ड होती, १९८३ च्या दुरुस्तीने बोर्ड जाऊन समिती आली. रचना अशी की अध्यक्ष सरकारी नोकरीतला माणूस, पण तो मुख्य निरीक्षक किंवा कुठलाही निरीक्षक असता कामा नये. मुख्य निरीक्षक, म्हणजे डीजीएमएसचे महासंचालक, मेंबर असायचे. दोन जण कामगारांच्या बाजूचे, दोन मालकांच्या बाजूचे, आणि दोन मायनिंग इंजिनिअर जे खाण उद्योगात थेट नोकरीला नाहीत. दोन्ही बाजूंचा निदान एकेक माणूस कोळसा खाणींचा पाहिजे अशी अट होती, बाकी धातूच्या खाणी आणि दगडाच्या क्वारी यांनी उरलेल्या जागेत मावायचं. आणि हे सगळे मेंबर नेमायचं कोण तर केंद्र सरकार, कामगारांचे प्रतिनिधीसुद्धा. युनियन नावं सुचवायची ठीक आहे, पण नेमणूक सरकारची.

या समितीची खासियत म्हणजे ती नुसती सल्ला देऊन गप्प बसत नव्हती. तीन कामं होती. नवीन नियम किंवा विनियम करायचे असतील तर प्रस्ताव बघून शिफारस करायची. सरकारने एखादा अपघात किंवा दुसरं काही सोपवलं तर चौकशी करून रिपोर्ट द्यायचा. आणि तिसरं जे सल्लागार म्हणवणाऱ्या समितीत सहसा सापडत नाही, ते म्हणजे डीजीएमएसच्या आदेशांविरुद्ध मालकाने घेतलेली अपिलं आणि हरकती ऐकून निकाल द्यायचा. समजा इन्स्पेक्टरने बघितलं की छताला सपोर्ट नीट नाहीत, त्या भागातलं काम बंद करा अशी नोटीस काढली आणि मालकाला ती मान्य नाही, तर मामला फिरून या समितीकडे यायचा. निकाल येईपर्यंत आदेश साधारणपणे पाळावाच लागायचा, नाहीतर अपील करून तीच धोक्याची जागा चालू ठेवायची पळवाट झाली असती. अध्यक्ष निरीक्षक नको ही अट का होती ते इथे कळतं, ज्याने नोटीस काढली तोच न्यायाधीश कसा चालेल. कायदा त्याच्याही पुढे जायचा, मुख्य निरीक्षकाच्या स्वतःच्या आदेशावरचं अपील असेल तर त्याने त्या कामात मेंबर म्हणूनसुद्धा भाग घ्यायचा नाही. आपल्याकडच्या किती समित्यांमध्ये ही साधी गोष्ट लिहून ठेवलीय सांगा.

अधिकारही बरे होते. समिती निरीक्षकाचे अधिकार वापरू शकायची, साक्षीदार बोलवायला आणि कागदपत्रं मागवायला तिला दिवाणी कोर्टासारखी पॉवर होती, आणि चौकशीचा खर्च खाणमालकाकडून वसूल करा असं सरकार सांगू शकायचं. नियमांचा मसुदा जाहीर करायच्या आधी तो या समितीकडे पाठवून तिला मत द्यायला पुरेसा वेळ दिलाच पाहिजे असंही कायद्यात होतं, म्हणून कोळसा खाण विनियम २०१७ सारख्या गॅझेटच्या सुरुवातीलाच मसुदा समितीकडे पाठवला होता असं लिहिलेलं दिसतं. पण मत विचारणं सक्तीचं आणि मत मानणं ऐच्छिक, अशी ती सगळी व्यवस्था. सरकारने शिफारस बाजूला ठेवली तर का ठेवली हे लेखी सांगायचं बंधन कुठे दिसत नव्हतं, माझ्या मते यातली सगळ्यात मोठी फट हीच.

आता एकदम खाली खदानीवर येऊ. खाण नियम १९५५ प्रमाणे १०० पेक्षा जास्त माणसं कामाला असतील त्या प्रत्येक खाणीत सेफ्टी कमिटी पाहिजे, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, विदर्भातल्या कोळसा खाणी चालवणारी कोल इंडियाची कंपनी) खदानीत तिला पिट सेफ्टी कमिटी म्हणतात. अध्यक्ष खाणीचा मॅनेजर, त्याने निवडलेले पाच अधिकारी किंवा जाणकार, कामगारांनी निवडलेले पाच कामगार, वर्कमन इन्स्पेक्टर (कामगारांमधूनच नेमलेला तपासनीस), आणि सेक्रेटरी म्हणून सेफ्टी ऑफिसर. ३० दिवसांत एकदा तरी मीटिंग झालीच पाहिजे. ५०० किंवा जास्त माणसं असतील तर तीन वर्कमन इन्स्पेक्टर, एक मायनिंगचा आणि बाकीचे मेकॅनिकल व इलेक्ट्रिकलचे, युनियनशी बोलून नेमायचे, यांना खाण फिरून बघायचा आणि वहीत नोंद करायचा हक्क असतो.

इथे अडचण समजायला फार डोकं लागत नाही. ज्याला या महिन्याचं कोळशाचं टार्गेट गाठायचंय तोच सुरक्षेच्या मीटिंगचा अध्यक्ष, आणि समोर बसलेल्या पाच कामगारांची ड्युटी, रजा, बदली सगळं त्याच्याच ऑफिसातून जातं. म्हणजे बाकी सोडा, हॉल रोडवर (डंपर जातात तो रस्ता) धूळ उडतेय पाणी मारा, डंपरचा मागचा हॉर्न वाजत नाही, असले मुद्दे मिनिट्समध्ये येतात, पण या फेसवर (कोळसा काढायची जागा) वेग कमी करा असं म्हणायला सिरदाराला, म्हणजे खाणीतल्या एका भागाची सुरक्षा बघणाऱ्या माणसाला, छाती लागते. अर्थात दुसरी बाजूही आहे, मॅनेजरच खुर्चीत असला की ठरलेली गोष्ट करायला वरून परवानगी आणावी लागत नाही, हातातला पैसा आणि माणसं तोच हलवतो. युनियन मजबूत असलेल्या खाणीत कमिटी चालते आणि कंत्राटी कामगार जास्त असलेल्या ठिकाणी ती बऱ्याचदा रजिस्टरमध्येच राहते, कारण कामगारांनी निवडलेले पाच म्हणजे कायम नोकरीवालेच धरले जातात आणि ओबी (कोळशावरची माती-दगड) उचलणाऱ्या कंत्राटदाराची माणसं त्या खोलीत नसतातच.

दिल्लीच्या टोकाला खाण सुरक्षेची राष्ट्रीय परिषद आहे, जी कुठल्या कलमातून नाही तर अपघातातून आली. १९ फेब्रुवारी १९५८ ला बंगालमधल्या चिनाकुरी खाणीत स्फोट होऊन पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली परिषद कलकत्त्याला भरली. कामगार मंत्रालय ती बोलावतं, मालक, युनियन, डीजीएमएस, संशोधन संस्था सगळे येतात. ती भरायचं ठरलेलं वेळापत्रक नाही, मधे कधी दोन वर्षं गेली तर कधी सात. शिफारशींचा कायदेशीर दर्जा शून्य, तरी त्या हवेत विरतात असंही नाही. उदाहरण घ्या, २००० साली नवव्या परिषदेने सांगितलं की धोक्याचं मूल्यमापन करून प्रत्येक खाणीने सुरक्षा व्यवस्थापन योजना बनवावी. त्यावर डीजीएमएसने २००२ मध्ये परिपत्रक काढलं, म्हणजे करा अशी विनंतीवजा सूचना, आणि ती सक्तीची झाली कोळसा खाण विनियम २०१७ मध्ये. सल्ल्यापासून कायद्यापर्यंत १७ वर्षं. दुसरं उदाहरण तब्येतीचं. खाण कामगाराची पीएमई, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मेडिकल तपासणी, नियमाने दर पाच वर्षांनी होती, धुळीने फुफ्फुसं खराब होणाऱ्या धंद्यात पाच वर्षं म्हणजे फारच झाली, म्हणून पुढच्या एका परिषदेत ४५ वर्षांवरच्यांची तपासणी तीन वर्षांनी करायची शिफारस झाली. अपघातात माणसं गेली की चौकशी लागते, फुफ्फुसाने गेलेला माणूस रिटायर होऊन गावी मरतो, त्यामुळे आरोग्याचा मुद्दा अजेंड्यावर कायम सुरक्षेच्या मागे उभा असतो. हे सगळ्याच थरांना लागू आहे.

कोळशासाठी वेगळी स्थायी समिती आहे, तिचे अध्यक्ष कोळसा मंत्री. इथे मघाचं लक्षात आणा. कोल इंडिया ज्या मंत्रालयाखाली, वेकोलिला टार्गेट जिथून येतं, त्याच मंत्रालयाचा मंत्री सुरक्षा समितीच्या खुर्चीत, आणि इन्स्पेक्टरचं खातं दुसऱ्या मंत्रालयाचं. पिट सेफ्टी कमिटीत मॅनेजर अध्यक्ष असतो तसंच हे, फक्त मोठ्या खोलीत. शिवाय ती फक्त कोळशाची, मॉयल या सरकारी कंपनीच्या मॅंगनीज खाणी पोलाद मंत्रालयाकडे असल्यामुळे चिखला किंवा मनसरच्या कामगाराला त्या टेबलावर जागा नाही. पिट सेफ्टी कमिटी आणि ही स्थायी समिती यांच्या मधे कोळसा कंपन्यांत एरिया आणि मुख्यालय पातळीवर द्विपक्षीय, त्रिपक्षीय समित्या असतात, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

तुलनेला दक्षिण आफ्रिका चांगली, कारण त्यांनी उलटं केलंय. १९८६ च्या किनरॉस सोन्याच्या खाणीतल्या आगीत १७७ माणसं गेली, मग वर्णभेद संपल्यावर न्यायमूर्ती लिऑन यांचा आयोग बसला, १९९५ मध्ये व्हाल रीफ्स खाणीत इंजिन शाफ्टमधून खाली माणसं भरलेल्या पिंजऱ्यावर पडून १०४ जण गेले, आणि १९९६ चा खाण आरोग्य आणि सुरक्षा कायदा आला. त्यातल्या परिषदेत पाच मालकांचे, पाच कामगारांचे, चार सरकारी खात्यांचे आणि अध्यक्ष कोण तर मुख्य खाण निरीक्षक, कायद्यानेच. आपल्याकडे कलम १२ ने ज्याला खुर्ची नको म्हटलं होतं त्यालाच तिकडे बसवलंय. ते चालतं कारण त्या परिषदेचं काम मंत्र्याला सल्ला देण्याचं आहे, अपिलाचा निकाल देण्याचं नाही. परिषदेखाली नियम, आरोग्य आणि संशोधन यासाठी कायमच्या समित्या आहेत, संशोधनाचा पैसा खाणमालकांवर लावलेल्या लेव्हीतून येतो आणि ज्याच्या खाणीत धोका जास्त त्याला लेव्ही जास्त. शिवाय निदान दोन वर्षांतून एकदा त्रिपक्षीय बैठक घेऊन आढावा घ्यायचं बंधन आहे, आपल्या राष्ट्रीय परिषदेसारखं मुहूर्त बघून नाही. तिकडे १९९३ मध्ये खाणीत ६१५ मृत्यू झाले होते, २०२४ मध्ये ४२. याचं सगळं श्रेय परिषदेला द्यायला नको, मधल्या काळात कितीतरी खोल सोन्याच्या खाणी बंद पडल्या आणि माणसंही कमी झाली, पण आकडे तेच आहेत.

अमेरिकेत खाण सुरक्षा संशोधनावर सल्ला देणारी समिती आहे, तिथल्या १९७२ च्या सल्लागार समिती कायद्याची गंमत अशी की समितीची सनद दर दोन वर्षांनी नूतन करावी लागते आणि बैठका साधारणपणे आधी सूचना देऊन सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्या लागतात. आपल्या समित्यांच्या बैठकीत काय झालं ते बाहेरच्या माणसाला बहुतेक वेळा संसदेतल्या एखाद्या उत्तरातूनच कळतं. आणखी एक, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९५ चा खाणींवरचा १७६ क्रमांकाचा करार, जो कामगारांना आपले सुरक्षा प्रतिनिधी स्वतः निवडायचा हक्क देतो, दक्षिण आफ्रिकेने तो मंजूर केलाय, भारताने नाही.

भारतातलं चित्र आता बदलतंय. खाण कायद्यासकट १३ कायदे एकत्र करून २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कारखाने, गोद्या, बांधकाम, खाणी सगळ्यांना मिळून एकच राष्ट्रीय सल्लागार मंडळ आहे, अध्यक्ष केंद्राचे कामगार सचिव, डीजीएमएसचे महासंचालक अनेक मेंबरांपैकी एक, आणि मदतीला तांत्रिक समित्या नेमायची सोय. एक फायदा म्हणजे खुर्ची उत्पादनाच्या मंत्रालयाकडे नाही. तोटा असा की कलम १२ च्या समितीत प्रत्येक माणूस खाणीचाच विषय घेऊन बसायचा, आता मिथेन आणि छत कोसळणं हे बॉयलर आणि परांचीच्या रांगेत उभं राहणार, तेव्हा खाणीसाठी वेगळी तांत्रिक समिती किती लवकर बसते आणि तिच्यात कोण येतं यावर बरंच अवलंबून आहे. खदानीतल्या कमिटीबद्दल संहितेत एक ओळ चांगली आहे, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. अध्यक्ष कोण असावा हे मात्र नियमांवर सोडलंय.