क्लच वर धरतो की खाली: पेडलच्या तक्रारीमागचा इतिहास

ठाण्यातील गॅरेजांत क्लचची तक्रार बहुधा दोनच प्रकारे सांगितली जाते: पेडल बरेच वर सोडल्याशिवाय गाडी धरत नाही (म्हणजे इंजिनाची ओढ चाकांना मिळू लागत नाही), किंवा ती अगदी तळाशीच धरते आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. घोडबंदर रस्त्यावर आणि मुंब्रा बायपासच्या चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी सरकवावी लागत असल्याने अशा तक्रारी येथे लवकर उद्भवतात. मात्र या लक्षणांवरून दोष नेमका ओळखायचा, तर गाडीत वायरचा क्लच (पेडलचा जोर केबलने पोहोचवणारा) आहे की ऑइलचा (तो तेलाच्या दाबाने पोहोचवणारा), हे आधी पाहावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असे. शंकूवर चढवलेले चामडे कोरडे पडले की गाडी झटक्याने सुटे आणि तेलकट झाले की क्लच घसरे. पुढे सपाट तबकडीचा कोरडा क्लच रुळला, पण त्याची प्रेशर प्लेट (तबकडीला इंजिनाच्या फ्लायव्हील या जड चाकावर दाबून धरणारी) गोलाकार मांडलेल्या अनेक स्प्रिंगांनी दाबलेली असे, त्यामुळे पेडल जड लागे आणि तबकडीवरचे घर्षणाचे अस्तर झिजत जाईल तसा दाबही कमी होई. हे दोन्ही दोष डायाफ्राम स्प्रिंगने, म्हणजे मध्याकडे बोटांसारखे फाटे असलेल्या एकाच बशीसारख्या स्प्रिंगने, बऱ्याच अंशी दूर केले. माझ्या मते क्लचच्या इतिहासातील सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे. अमेरिकेत ती १९३०च्या दशकात आली, तर युरोपात तिचा प्रसार १९६०च्या दशकात झाला. जर्मनीतील ब्यूल येथे १९६५मध्ये स्थापन झालेल्या लूक कंपनीचा त्यात मोठा वाटा होता.

आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मुळे वायरचा क्लच घरोघरी पोहोचला. या रचनेत प्लेट (अस्तराची तबकडी) झिजली की डायाफ्रामची बोटे त्यांना ढकलून क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात, पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) संपत जातो आणि गाडी वर धरू लागते. वेळीच ॲडजस्टमेंट केली नाही, तर बेअरिंग सतत दाबले जाऊन क्लच स्लिप होतो. उलट वायर ताणली की प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गाडी तळाशी धरते. ऑइलच्या क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) झीज आपोआप भरून काढतो, त्यामुळे पेडलच्या जागेवरून प्लेटची झीज सहज कळत नाही. तेथे पेडल मऊ होऊन तळाशी गेले, तर आधी गळती आणि लाइनमधील हवा तपासावी. केवळ त्या लक्षणावरून गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे ग्राहकाचा खर्च वाया घालवणे होय. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावे व फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा. तो जळालेला किंवा चरे पडलेला असेल, तर नवी प्लेटही थरथरत धरते.

२०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी, म्हणजे क्लच दाबणे आणि गिअर बदलणे आपोआप करणारे तंत्र, सर्वसामान्यांच्या गाड्यांत आले आणि पेडल गेले. आतील क्लच मात्र तोच राहिला. तो नेमका कुठे धरतो, हे प्लेट बदलल्यावर आता स्कॅनर जोडून गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवावे लागते.