अर्जेंटिना ६८ टक्के

२०२२च्या विश्वचषकात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पैज लागली होती. लिफ्टशेजारी तक्ता, त्यावर साखळी फेरीचे ४८ सामने, आणि ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकतील त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. २२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. सगळ्यांनी डोळे झाकून अर्जेंटिना लिहिलं. मी लिहिलं, ‘अर्जेंटिना ६८ टक्के’. सौदी २-१ जिंकले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “तुझ्या गणितात काही राम नाही.”

काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देतो.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. त्या साखळी फेरीत ४८ सामन्यांत १२० गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी अडीच. जाड पुस्तकात छपाईच्या चुका सापडतात तशा तुरळक आणि विखुरलेल्या घटना मोजायला प्वासाँ या फ्रेंच गणितीचं सूत्र कामी येतं. सरासरी द्यायची, शून्य, एक, दोन, तीन घटना घडण्याची शक्यता किती, ते सूत्र सांगतं. प्रत्येक संघाच्या आक्रमणाला आणि बचावाला आकडे देऊन त्यांवरून ही सरासरी काढायची, असा मार्ग १९८२ साली माहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने दाखवला. (हो, आडनाव खरंच माहेर.)

मी बलाढ्य संघाला सरासरी २ गोल धरले आणि दुबळ्याला ०.७. गणित केलं की बलाढ्य संघ जिंकण्याची शक्यता ६८ टक्के, बरोबरी २०, आणि दुबळा जिंकण्याची चक्क १२ टक्के. बास्केटबॉलमध्ये शंभराच्या घरात गुण होतात, तिथे नशिबाचे चढउतार एकमेकांना खोडून काढतात. इथे दोन गोल झाले की निकाल लागतो. म्हणून धक्के बसतात. साखळीत जपानने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं आणि कोस्टारिकाकडून मात्र हार खाल्ली. त्याच कोस्टारिकाला स्पेनने सात गोल चढवले होते!

सूत्र अगदी निर्दोष आहे असं नाही. सरासरी अडीच धरली तर ४८ सामन्यांत चारेक सामने ०-० सुटायला हवेत. प्रत्यक्षात सहा सुटले. एका स्पर्धेवरून काही सिद्ध होत नाही, पण कमी गोलांच्या बरोबऱ्या सूत्राला नीट पकडता येत नाहीत, हे डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी आधीच हेरलं होतं आणि १९९७ साली दुरुस्तीही सुचवली होती.

साखळीत प्रत्येक संघाच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सामन्याचं दुखणं वेगळं. १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी १-० ने जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाच्या आसपास गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. आदल्या दिवशीच आपला शेवटचा सामना खेळून बसलेला बिचारा अल्जीरिया बाहेर. तेव्हापासून विश्वचषकात गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात. खेळाडूंना गोल करायचाच नसेल, तर सरासरी कुठून आणणार?

आता काकांचा मुद्दा. अंदाजाला गुण द्यायचे कसे? ही पद्धत आली हवामानशास्त्रातून, १९५० साली, ब्रायर यांच्याकडून. शिवाजीनगरच्या वेधशाळेची टिंगल करण्यात आपण पुणेकर पटाईत. ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ म्हटलं आणि भिजलो, की वेधशाळा खोटी. ब्रायर वेगळं विचारतात: तुम्ही सांगितलेली शक्यता (१०० टक्के म्हणजे १) आणि घडलेली गोष्ट (घडली तर १, नाही तर ०) यांत अंतर किती? प्रत्येक पर्यायातल्या फरकाचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. बेरीज जितकी कमी तितका अंदाज चांगला.

काकांचा अंदाज: अर्जेंटिना १००, बाकी शून्य. त्या दिवशी त्यांचा दंड, म्हणजे ही बेरीज, २, माझा १.२८. अर्जेंटिना जिंकली असती तर काकांना शून्य आणि मला ०.१६. माझे आकडे खरे मानले, तर असे शेकडो सामने झाल्यावर काकांची सरासरी ०.६४ आणि माझी ०.४८. म्हणजे चुकलो दोघेही, पण काका महागात चुकले.

हे सगळं मी कागदावर मांडून त्यांना दाखवलं. चष्मा वर सरकवून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “मग या हिशेबाने मिसळ कोणी द्यायची?” तक्त्यावर नियम ब्रायरचा नव्हता. मिसळ मीच दिली.